फायब्रिनोजेनचं फायब्रिन होताना कॅल्शियम लागतं का? परीक्षेत नेमकं काय लिहावं?

रक्त गोठताना थ्रॉम्बिन हे एन्झाइम फायब्रिनोजेन हे रक्तात विरघळलेलं प्रथिन कापतं आणि त्याचे फायब्रिनचे धागे होतात. या कापण्याला कॅल्शियम लागत नाही. तोंडी परीक्षेत मी हेच बोलले, तर बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "मग फॅक्टर चार काय शोभेला ठेवलाय?" (फॅक्टर चार म्हणजे कॅल्शियमच) आणि मला उठवलं. मार्क सांगत नाही.

रात्रभर झोप नाही. सकाळी मैत्रिणीला ओढत लॅबमध्ये नेलं. सायट्रेटचा प्लाझ्मा घेतला, म्हणजे कॅल्शियम बांधलेलं. त्यात नुसतं थ्रॉम्बिन टाकलं. अर्ध्या मिनिटात गुठळी! होणारच. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनच्या अल्फा साखळीच्या टोकाचा १६ आणि बीटाच्या टोकाचा १४ अमिनो आम्लांचा तुकडा छाटतं. अल्फाचा तुकडा गेला की ग्लायसीन-प्रोलीन-आर्जिनीन उघडं पडतं आणि शेजारच्या रेणूच्या गॅमा साखळीतल्या खाचेत जाऊन बसतं. रेणू अर्धे-अर्धे सरकून एकमेकांना चिकटत जातात, धागा तयार. यात कॅल्शियम कुठे आलं?

मग मैत्रीण म्हणाली, दुसऱ्या ट्यूबमध्ये कॅल्शियम क्लोराइडही घालून बघू. दोन्ही गुठळ्या ५ मोलर युरियात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहिली पार विरघळलेली, दुसरी जशीच्या तशी. इथे मात्र मी वरमले. पहिल्या गुठळीतले बंध कच्चे होते. ते पक्के करतो फॅक्टर तेरा हा रक्तातला दुसरा घटक, ग्लुटामीन आणि लायसीनमध्ये सहसंयुज बंध घालून, आणि त्याला जागं करायला थ्रॉम्बिनसोबत कॅल्शियम लागतंच. हा फॅक्टर जन्मतः नसलेल्या बाळाच्या नाळेतून रक्त वाहत राहतं आणि पीटी, एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या मात्र नॉर्मल येतात, कारण गुठळी धरली की त्या तपासण्या थांबतात. ती टिकते का, हे त्या बघतच नाहीत.

तेव्हा दोन्ही पायऱ्या वेगळ्या लिहा. "कॅल्शियममुळे फायब्रिन बनतं" असं एका ओळीत उरकणाऱ्याला मी तरी मार्क देणार नाही. किती पानं लिहायची ते तुमच्या सरांना विचारा.

हां, प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन व्हायला कॅल्शियम हवंच, आणि धागे जुळण्याचा वेगही त्याने वाढतो. थ्रॉम्बिन टाइमच्या (प्लाझ्मात थ्रॉम्बिन टाकून गुठळीचा वेळ मोजायच्या तपासणीच्या) काही रिएजंटमध्येही ते घातलेलं असतं, म्हणून परीक्षकाच्या तोंडावर ती तपासणी फेकण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा. मला ती संधी मिळाली नाही. दोन्ही ट्यूब घेऊन गेले तर साहेब आदल्या संध्याकाळीच निघून गेले होते.