वाचकांचे प्रश्न : मैत्रिणींनी म्हातारपणी एकत्र राहायचं तर

प्रश्न : आम्ही पाच जणी आहोत, वयं 62 ते 71. दोघींनी लग्न केलं नाही, दोघींचे यजमान गेले, एक घटस्फोटित. नागपूर सोडायचं नाही आणि वृद्धाश्रमात जायचं नाही, एवढ्यावर एकमत आहे. एकीची मुलगी सिंगापूरला असते. ती सांगते की तिथे चीनमधून कामाला आलेल्या बायका अशाच एकत्र राहून म्हाताऱ्या झाल्या. ते कसं चालायचं आणि त्यातलं आपल्या कामाचं काय आहे? (प्रतापनगर)

उत्तर : मुलगी सांगते ते खरं आहे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात शुंदे नावाचा रेशमाचा मुलूख आहे. तिथल्या अनेक मुली आजन्म लग्न न करण्याची शपथ घेत आणि त्याची खूण म्हणून समारंभाने केस बांधत. 1930 च्या दशकात रेशमाचा धंदा बसला, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ जणी सिंगापूर, मलाया आणि हाँगकाँगला घरकामाला गेल्या. पांढरा सदरा आणि काळी विजार हा त्यांचा ठरलेला वेश. राहायचं मालकाच्या घरी. तरीही चार-सहा जणी मिळून चायनाटाउनमध्ये एक खोली भाड्याने घेत आणि दरमहा थोडीथोडी वर्गणी भरत. पेटी ठेवायला, गावची पत्रं यायला, सुटीला पाठ टेकायला, नोकरी सुटली किंवा ताप आला तर पडायला ती खोली असे.

इथे लक्षात घ्यायचं ते असं की त्या म्हाताऱ्या झाल्यावर एकत्र आल्या नाहीत. हातपाय चालत असतानाच ती खोली धरून ठेवली होती, आणि वर्गणी गरज नसतानाही भरली जायची. तुम्ही आधी घर शोधायला निघाल्या असाल, तर थोडं थांबा. निदान सहा महिने पाचही जणींनी दरमहा ठरलेली रक्कम एका खात्यात टाका आणि महिन्यातले चार दिवस एकाच घरात राहून बघा. कोण वर्गणीला उशीर करतं, कोणाला पहाटे पाचला रेडिओ लागतो, कोणाला स्वयंपाकघरात दुसऱ्याचा हात खपत नाही, हे सगळं तेवढ्यात कळतं.

दुसरी गोष्ट शेवटाची. मालकाच्या घरी मरण येणं दोघांनाही नको असे, आणि रिवाजाप्रमाणे अविवाहित मुलीला माहेरीही शेवट करता येत नसे. त्यामुळे कोणी काही रक्कम भरून शाकाहारी बौद्ध मठीत जागा मिळवी, कोणी एखादी धाकटी शिष्या किंवा मानलेली मुलगी करून घेई. शुंदेमधल्या जुनआन गावात, 1950 च्या सुमारास, सिंगापुरात राबणाऱ्या अशा बायकांच्या वर्गणीतून 'बिंग यू तांग' ही दुमजली वास्तू उभी राहिली. परतलेल्यांनी तिथे राहायचं आणि मागे नाव लागायचं, अशी ती सोय. अशा ठिकाणी नावाची पाटी जिवंतपणीच करून ठेवत आणि तिच्यावर लाल कागद लावत. माणूस गेलं की कागद काढायचा.

ज्यांची सोय लागली नाही त्यांचे हाल झाले, हेही सांगायला हवं. सिंगापूरच्या सॅगो लेनमध्ये अखेरच्या दिवसांसाठी घरं होती. वरच्या मजल्यावर आजारी माणसं आणि खाली अंत्यविधीचं दुकान, असा प्रकार. 1961 मध्ये त्यांच्यावर बंदी आली. तेव्हा पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी कागदावर घ्या : आजारपणात कोण काय करणार, एखादीला निघायचं झालं तर काय, आणि मेल्यावर कोणाला फोन करायचा. पडद्याचा रंग नंतर ठरवता येईल.

प्रश्न : आमच्यापैकी एकीचं त्रिमूर्तीनगरला स्वतःचं घर आहे. बाकीच्या चौघी प्रत्येकी चार-पाच लाख घालून वर दोन खोल्या आणि लिफ्ट करू, असं म्हणतात. ठीक राहील का? (त्याच वाचक)

उत्तर : नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या घरात बांधकामासाठी पैसे घातले की घरात तुमचा हिस्सा तयार होत नाही. उद्या मालकीणबाई गेल्या आणि पुतण्या दारात उभा राहिला, तर तुमच्याकडे सिमेंटच्या पावत्या आणि मैत्री एवढंच असेल. बांधकाम घरमालकिणीने स्वतःच्या पैशाने करावं. बाकीच्यांनी रीतसर लिव्ह अँड लायसन्स करून महिन्याचं शुल्क द्यावं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. खर्च फार नाही. समजा 36 महिन्यांसाठी दरमहा 6,000 रुपये आणि परत मिळणारी 2 लाख अनामत. शुल्काचे 2,16,000, त्यात अनामतीवर वर्षाला 10 टक्के धरून तीन वर्षांचे 60,000, एकूण 2,76,000. त्यावर 0.25 टक्के म्हणजे 690 रुपये मुद्रांक. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000. चौघींचे करार वेगवेगळे करा, एकत्र नको. एक निघाली तर बाकीच्यांचा करार मोडत नाही.

मात्र या कराराची एक बाजू लंगडी आहे. तो व्यक्तीशी बांधलेला असतो, मालकीण गेली की त्यावर फार विसंबता येत नाही. म्हणून मालकीणबाईंनी मृत्युपत्र करावं. घर पुतण्यालाच द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, पण राहत्या मैत्रिणींना हयातभर, किंवा तेवढं मन होत नसेल तर निदान 18 महिने, त्याच घरात राहण्याचा हक्क त्यात लिहावा. दोन साक्षीदार लागतात. ते या पाच जणींपैकी नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी आणि पुतण्याला आत्ताच सांगावं. बहुतेक भांडणं मृत्युपत्रातल्या मजकुरावरून होत नाहीत, तो नंतर कळल्यावरून होतात.

अनामत परत कधी आणि कशातून देणार, तेही लिहा. तेवढी रक्कम मालकीणबाईंनी मुदत ठेवीत बाजूला ठेवावी. ती लिफ्टमध्ये गेली की एखादीला निघायचं असूनही निघता येत नाही, आणि अशी अडकलेली बाई घरातल्या सगळ्यांना जड जाते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही ध्यानात असू द्या. बँक नॉमिनीला पैसे देते, पण त्याने ते वारसांसाठी सांभाळायचे असतात.

प्रश्न : स्वयंपाक एकत्र ठेवावा का? दोघी शाकाहारी, एकीला रविवारी सावजी मटण लागतंच. (प्रतापनगर)

उत्तर : पोळी, भात, वरण आणि एक भाजी एकत्र, बाकी ज्याचं त्याने. मटण बाहेरून येऊ द्या आणि त्याची भांडी व शेगडी वेगळी ठेवा. सावजीच्या तर्रीचा वास मात्र घरभर जाणारच, त्याला इलाज नाही.

पाच जणींना महिन्याला साधारण 15 किलो गहू, 9 किलो तांदूळ, 7 किलो डाळी, 3 लिटर तेल लागतं. म्हणजे माणशी दिवसाला 100 ग्रॅम कणीक, 60 ग्रॅम तांदूळ, 45-50 ग्रॅम डाळ, 20 मिलिलिटर तेल. दूध माणशी पाव लिटर धरलं तर साडेसदतीस लिटर होतं. पहिल्या महिन्यात हिशेबाबाहेर जातं ते दूध, चहाची साखर आणि पाहुणे. त्यामुळे पाहुण्याच्या जेवणाचा दर आधीच ठरवा आणि ज्याचा पाहुणा त्याने तो डब्यात टाकायचा. पोळीवाल्या बाईंचा पगार गॅस-विजेबरोबर समान वाटा, खाण्यावर नको. आठवडाभर गावाला गेलेली मैत्रीण 'मी जेवलेच नाही' म्हणते तेव्हा वाद याच ठिकाणी पेटतो.

खर्चाचं खातं दोघींच्या नावे काढा आणि कोणाही एकीच्या सहीने चालेल असं ठेवा. दोन सह्यांचा नियम केला आणि एक जण आयसीयूत गेली की किराणाही अडतो. धोका कमी करायचा उपाय सोपा आहे : खात्यात दीड महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे ठेवायचे नाहीत.

प्रश्न : अमेरिकेत चिनी वृद्धांसाठी 'ऑन लोक' नावाची व्यवस्था आहे असं वाचलं. ती वृद्धाश्रमापेक्षा वेगळी कशी? नागपुरात तसं काही करता येईल? (धरमपेठ)

उत्तर : सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन आणि नॉर्थ बीच भागात चिनी, इटालियन आणि फिलिपिनो म्हातारी माणसं पुष्कळ होती. त्यांतले कितीतरी चिनी पुरुष एकटे, कारण 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं ते 1943 पर्यंत, आणि बायकांना आणणं जवळपास अशक्य होतं. एका खोलीत बिऱ्हाड, मोरी आणि चूल सामाईक. तरी त्यांना आपली गल्ली सोडून नर्सिंग होमला जायचं नव्हतं. 1971 मध्ये संस्था निघाली आणि 1973 मध्ये पहिलं दिवसाचं केंद्र सुरू झालं. सकाळी गाडी घरून घेऊन जाते. केंद्रात डॉक्टर, नर्स, व्यायाम, ओळखीचं जेवण, आणि संध्याकाळी परत घरी. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजसेविका आणि गाडीचा चालकसुद्धा एका गटात बसून त्या माणसाबद्दल बोलतात. आजी आज गाडीची पायरी चढताना अडखळल्या, हे पहिल्यांदा चालकालाच दिसतं. 1997 मध्ये अमेरिकी सरकारने ही पद्धत कायमची मान्य केली. तिथे 55 वर्षांवरची आणि नर्सिंग होमइतकी शुश्रूषा लागणारी माणसं घेतात, आणि संस्थेला दर माणसामागे ठरावीक मासिक रक्कम मिळते.

त्या मासिक रकमेशिवाय हा गाडा चालत नाही आणि आपल्याकडे तशी सरकारी रक्कम नाही, त्यामुळे जशीच्या तशी नक्कल व्हायची नाही. पण गट करता येतो. तुमचा फॅमिली डॉक्टर, आठवड्याला येणारी फिजिओथेरपिस्ट, औषधवाला, पोळीवाल्या बाई आणि ठरलेला ऑटोवाला. एका वहीत प्रत्येकीचं पान करा : औषधांची नावं नि मात्रा, ॲलर्जी, रक्तगट, शेवटचे रिपोर्ट. वेगळं काही दिसलं की ज्याला दिसलं त्याने तारखेसह लिहायचं. 70 पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर 2024 पासून या वयाला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. वय आधारवरचं धरतात, तेव्हा तिथली जन्मतारीख आधी दुरुस्त करा. मैत्रिणींना एका फॅमिली फ्लोटर विम्यात घेता येत नाही.

प्रश्न : तळमजला बरा की वरचा? न्हाणीघरात काय बदल करावेत? आणि कुलरची काय काळजी घ्यावी? (लक्ष्मीनगर)

उत्तर : गुडघ्यांसाठी तळमजला बरा, पण नाग नदी किंवा नाल्याकाठचा नको. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरीखालच्या वस्त्यांमध्ये तळमजल्यांत पाणी घुसलं, ते झोपेत असताना. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अशा वेळी उचलायला वेळ मिळत नाही. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारून मगच घर घ्या.

न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं हवं. आतलं माणूस दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडेल अशी लावा. दाराची रुंदी 90 सेंमी मिळाली तर व्हीलचेअर सहज जाते. कमोडच्या बैठकीपासून वीतभर वर आडवा दांडा, उठणाऱ्या हाताच्या बाजूला. तो टाइलमागच्या विटेत अँकर बोल्टने बसवा. नुसत्या टाइलमध्ये प्लॅस्टिकच्या गुल्ल्यांवर बसवलेला दांडा नेमका भार पडल्यावर निघतो, आणि टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय तर त्याहून वाईट. पलंग ते न्हाणीघर या वाटेवर गुडघ्याखाली रात्रदिवा ठेवा.

आता कुलर. पाणी भरताना प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही; अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवा. कुलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पाऊस लागला की कुलरचा उपयोग संपला. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर मे महिन्यात मात्रा बदलायची का ते डॉक्टरांना एप्रिलमध्येच विचारा.

प्रश्न : घरीच मृत्यू झाला आणि नातेवाईक परदेशात असले तर मैत्रिणींनी काय करायचं? (प्रतापनगर)

उत्तर : आधी डॉक्टर. शेवटच्या आजारात ज्यांनी तपासलं त्यांनी मृत्यूच्या कारणाचा फॉर्म 4ए द्यायचा असतो. वर्षभर कोणत्याच डॉक्टरकडे न गेलेल्या बाईंचा मृत्यू झाला की डॉक्टर सही करायला कचरतात, मग पोलीस आणि शवविच्छेदन. म्हणून धडधाकट असलेलीनेही दर तीन महिन्यांनी एकाच डॉक्टरकडे जाऊन नोंद ठेवावी. मृत्यूची नोंद 21 दिवसांत महापालिकेत करा. नेत्रदान ठरलं असेल तर पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोकं उशीने थोडं वर, आणि लगेच नेत्रपेढीला फोन, कारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. देहदानाला जवळच्या नातेवाइकांची संमती मागतात, ती आत्ताच सही करून घ्या.

व्हेंटिलेटर नको असं कोणाला वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाप्रमाणे, 2023 मध्ये सोपी केलेली पद्धत वापरून, तसं लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. हा कागद बरं न होणाऱ्या आजारातल्या निर्णयापुरता आहे. हाड मोडल्यावरच्या ऑपरेशनला तो कामाचा नाही. तिथे शुद्धीत असलेल्या रुग्णाची स्वतःचीच सही चालते, आणि हे दवाखान्यात ठामपणे सांगावं लागतं.

प्रश्न : या सगळ्या कटकटीपेक्षा वर्धा रोडकडे ज्येष्ठांच्या प्रकल्पात फ्लॅट घ्यावा का? (मनीषनगर)

उत्तर : पैसे असतील आणि पाच जणींना एकाच मजल्यावर फ्लॅट मिळत असतील तर वाईट नाही. महारेराने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी रुंद दारं, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, रॅम्प, न्हाणीघरातले दांडे यांचे निकष घालून दिले आहेत; महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद उघडून विक्री करारात ते उतरलेत का ते पडताळा. जेवण नि शुश्रूषेचा मासिक आकार दरवर्षी किती वाढणार, सेवा देणारी संस्था बदलली तर काय, आणि फ्लॅट वारसाला विकताना 'खरेदीदार ज्येष्ठच हवा' अशी अट आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. लेखी उत्तर मिळत नसेल तर बयाणा देऊ नका.