‘तो झोपलाय’ सांगून ठेवून दिलेले फोन

पत्र :

माझा मुलगा २३ वर्षांचा. अकरा महिन्यांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात पाठीचा दहावा मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. आधी व्हॉलीबॉल खेळायचा, संघाचा कॅप्टन होता. तीन महिने रुग्णालयात काढून घरी आला तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. जेवतो, झोपतो, पण फिजिओ आले की ‘आज नको’. मी आणि त्याचे बाबा काखेत हात घालून त्याला पलंगावरून चाकांच्या खुर्चीत ठेवतो. भिंतीवर सुविचार लावलेत. नातेवाईक पॅरालिम्पिकचे व्हिडिओ पाठवतात, मुरलीकांत पेटकरांची गोष्ट तर सगळ्यांनी सांगून झाली. मध्यंतरी वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे चार-पाच फोन आले होते, पण तोही खुर्चीवरच, त्याच्याशी बोलून हा आणखी खचेल म्हणून ‘तो झोपलाय’ सांगून मी ठेवून दिले. लेकाच्या मनात उमेद कशी जागवू? कुठल्या शब्दांत समजावू?
– एक आई

उत्तर :

शब्द शोधणं थांबवा. आठ महिने तुमच्या घरात शब्दांचाच पाऊस पडतोय.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. व्हिडिओ आणि सुविचारांच्या पाठोपाठ तुम्ही ते घाईघाईत लिहून टाकलंय. चार-पाच फोन. एक नाही, दोन नाही. तुमच्या मुलाला नेमकं काय झालंय हे स्वतःच्या अंगावर सोसलेला एक मुलगा त्याची चौकशी करत होता, आणि तुम्ही त्याला दारातून परत पाठवलंत. तुम्ही थकला आहात, रात्रीची झोप नाही, सगळं खरं. पण या एका गोष्टीत तुमचं चुकलं, आणि ते गोड शब्दांत सांगण्यात मला अर्थ वाटत नाही.

‘तोही खुर्चीवरच’ हे तुम्ही फोन न देण्याचं कारण म्हणून लिहिलंय. माझ्या मते फोन देण्याचं कारण तेच आहे.

माणसाला ‘हे मला जमेल’ असं कशामुळे वाटतं, यावर अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नेमकी मांडणी केली. सगळ्यात भक्कम विश्वास येतो तो स्वतः करून पाहिल्याने. त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला ते करताना बघितल्याने. दुसऱ्यांनी ‘तू करशील रे’ म्हणण्याचा जोर त्यापुढे फारच थोडा. आणि तुमचं सगळं घर नेमकं तेवढंच करतंय.

‘आपल्यासारखाच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेटकर थोरच आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पण गोळी आणि पदक यांच्यामध्ये सात वर्षं आहेत, आणि गोष्ट सांगताना ती एका वाक्यात सरतात. ज्याला आज बिछान्यावर उठून बसताना तोल सांभाळता येत नाही, त्याला पदक दाखवलं की आपण किती मागे आहोत तेवढंच कळतं. त्याला हवा आहे त्याच्यापेक्षा चार पावलं पुढे असलेला माणूस. ज्याला काल जमत नव्हतं, आज जमतं, आणि अजूनही दहातून एकदा चुकतं. ती चूक आणि त्यानंतरची सावरासावर बघण्यातच खरं शिकणं असतं.

एकच उदाहरण घेते, पलंगावरून खुर्चीत जाण्याचं. खुर्ची पलंगाला साधारण ३० अंशांत तिरकी लावायची. पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळलेली हवीत, म्हणजे खुर्ची कलंडत नाही. ब्रेक लावायचे, खुर्चीचा पलंगाकडचा हात काढून ठेवायचा, पावलं जमिनीवर टेकवायची, बूड गादीच्या कडेपर्यंत पुढे आणायचं. एक हात खुर्चीवर, एक पलंगावर. आणि मग डोकं जायचं तिकडे न नेता उलट दिशेला, खाली आणि पुढे झुकवायचं. डोकं पलंगाकडे झुकलं की बूड उचललं जाऊन खुर्चीकडे वळतं, डोकं खुर्चीकडे झुकलं की पलंगाकडे. नवखा माणूस जिथे जायचं तिकडेच बघतो, तिकडेच डोकं नेतो, बूड उचललंच जात नाही, फरफटतं. संवेदना नसल्याने त्याला कळतही नाही, आणि कातडी सोलवटून जखम होते. तशी जखम चिघळली तर कित्येक आठवडे पालथं पडून काढावे लागतात.

हे फिजिओंनी त्याला कितीदा तरी सांगितलं असेल. पण सांगून झाल्यावर फिजिओ स्वतःच्या पायांवर उठून निघून जातात. तोच प्रकार खुर्चीवरच्या मुलाने समोर करून दाखवला, मध्ये एकदा अडकला, ‘थांब, पाय नीट नाही पडला’ म्हणाला आणि पुन्हा केला, तर तुमचा मुलगा भिंतीकडून मान वळवून बघेल. पहिल्या दिवशी तेवढं पुरे.

तोवर काखेत हात घालून उचलणं आजच बंद करा. त्याने खांदे दुखावतात, आणि यापुढे त्याचं सगळं आयुष्य त्या खांद्यांवर चालणार आहे. स्वतः करायला लागेपर्यंत खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये टाकायची गुळगुळीत लाकडी फळी मिळते, ती कशी वापरायची ते फिजिओंकडून तुम्ही दोघांनी शिकून घ्या. पलंगाची उंचीही मोजा. तो खुर्चीत बसल्यावर खुर्चीची गादी दबते तेव्हा जमिनीपासून तिची जेवढी उंची होते, तेवढीच पलंगाचीही हवी. पलंग चार बोटं उंच असला तर खुर्चीतून पलंगावर जाणं म्हणजे चढण, आणि आपण मात्र त्याला जिद्द नाही म्हणत बसतो.

आणि काही प्रश्न तो तुम्हाला कधीच विचारणार नाही. चारचौघांत पँट ओली झाली तर काय करायचं? प्रवासात कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, कुठे आणि कसा घालायचा? पोट भलत्या वेळी साफ झालं तर? लग्न, शरीरसंबंध, मूल? यातलं एकही आईशी बोलता येत नाही, आणि डॉक्टरांसमोर दहा मिनिटांत जीभ उचलत नाही. शेजारच्या खाटेवरच्याला मात्र न विचारताही कळतं. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी बंद करणं ही सगळ्या नवख्यांची चूक आहे. लघवी घट्ट होते, जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, आणि मग ‘बाहेर पडणंच नको’ हे मनात पक्कं बसतं. मुरलेला माणूस पाणी नीट पितो, चार ते सहा तासांनी ठरल्या वेळी कॅथेटरने मूत्राशय रिकामं करतो, एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू देत नाही, आणि खुर्चीमागच्या पिशवीत एक जादा कॅथेटर आणि एक पँट ठेवतो. घराबाहेर पडायचं धैर्य त्या पिशवीतून येतं.

खुर्चीत बसल्यावर दर अर्ध्या तासाने छाती मांड्यांवर टेकेल इतकं पुढे वाकून साधारण दोन मिनिटं थांबायचं असतं. बुडाखालच्या दाबलेल्या जागेत रक्त नीट परतायला तेवढा वेळ लागतो, हातांवर जोर देऊन पाच सेकंद उचलल्याने भागत नाही. तुम्ही आठवण केलीत की ती कटकट होते. चार खुर्च्या एकत्र असल्या आणि गप्पा मारता मारता एक जण वाकला, की बाकीचेही वाकतात.

इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये मणक्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला. त्या काळी असे रुग्ण मूत्रसंसर्गाने आणि बेडसोरने दगावायचे, त्यांच्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवत नसे. गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलायचा दंडक घातला आणि रुग्णांना एकमेकांसोबत खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ माजी सैनिकांनी खुर्चीत बसून तिरंदाजीची स्पर्धा केली. पॅरालिम्पिकचं मूळ ते. त्या सोळांच्या भिंतीवर कुणा विजेत्याचा फोटो नव्हता, त्यांच्याकडे शेजारचा खेळाडू होता.

तुमचा मुलगा कॅप्टन होता, म्हणून खेळाचंही सांगते. व्हॉलीबॉलपटू म्हणून त्याला बैठ्या व्हॉलीबॉलकडे ढकलू नका. तिथे बुडावर सरकत खेळतात, संवेदना नसलेल्या कातडीला ते झेपत नाही. व्हीलचेअर बास्केटबॉल बघू दे. त्यात शरीराच्या क्षमतेप्रमाणे प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ द्यायची नसते. दहाव्या मणक्याची पूर्ण दुखापत असलेला खेळाडू साधारण दोनच्या आसपास बसतो. म्हणजे संघाला त्याच्यासारखा खेळाडू लागतोच, त्याच्याशिवाय गणितच जमत नाही. आज घरात सगळे त्याच्यासाठी राबतात, त्याची गरज मात्र कुणालाच नाही. कॅप्टन राहिलेल्या मुलाला हे किती टोचत असेल, याचा विचार करा. खेळायला जाईल तेव्हा पहिल्या दिवशी वीस मिनिटंच खेळू दे, आणि घरी आल्यावर आरशात बूड आणि माकडहाडाची जागा बघायची. दाब काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर ती जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही.

एक धोका आहे, तो त्या दोघांनाही माहीत हवा. प्रत्येकाची दुखापत वेगळी असते. मज्जारज्जूची इजा अपुरी असेल तर कुणी सहा महिन्यांत काठी घेऊन चालतो, पूर्ण असेल तर तसं होत नाही. ‘त्याला जमलं, तुला का नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून एकदाही निघता कामा नये. आणि दुसऱ्याच्या औषधाचा डोस ऐकून आपला बदलायचा नाही. जेवण-झोप उडाली किंवा मुलगा मरणाची भाषा बोलला, तर मित्राच्या भरवशावर न थांबता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

आता फोनचं. नंबर कॉल-यादीत असेल, नसेल तर वॉर्डात निरोप ठेवा, ते त्या मुलाला कळवतील. आधी लेकाजवळ बसा आणि खरं सांगा, की तुझ्या मित्राचे चार-पाच फोन आले होते, मी तुला दिले नाहीत. तो चिडेल. चिडू दे, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच कशाबद्दल तरी पेटून बोलेल. मग तुम्हीच नंबर लावा. त्या मुलाला म्हणा, ‘बाळा, तो झोपलेला नव्हता, मीच खोटं सांगितलं.’ फोन लेकाच्या हातात द्या, बाहेर या आणि दार ओढून घ्या. आतून हाक येईपर्यंत चहा-पाणी विचारायलाही जाऊ नका.