वाचकांचे प्रश्न : पेढीचा जुना प्रोग्राम बदलताना

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमची हळद आणि बेदाण्याची पेढी आहे. हिशोबपट्टी, खतावणी, व्याज हे सगळं पंचवीस वर्षांपूर्वी करून घेतलेल्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रामवर चालतं. करून देणारे आता या धंद्यात नाहीत. नवीन कॉम्प्युटर घेतला तर त्यावर प्रोग्राम उघडतच नाही. सीए म्हणतात, १ एप्रिलपासून नवं सॉफ्टवेअर सुरू करा. सगळा जुना डेटा नव्यात आणता येईल का? सुरुवात कुठून करावी?
— एक भागीदार, सांगली

उत्तर : आधी प्रोग्राम कोणत्या जातीचा आहे ते बघा. माउसशिवाय, नुसत्या बाणांच्या कळांवर चालणारा असेल तर तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा. ६४ बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवायची सोयच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. व्हिज्युअल फॉक्सप्रोत केलेला असता तर नव्या मशीनवरही चालला असता. त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला, तरी तो बंद पडत नाही. तुमचा डॉसचाच दिसतो. तो डॉसबॉक्समध्ये (नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) चालवून काही महिने निभावता येतात, तेव्हा घाईने पहिल्याच डेमोला होकार देऊ नका.

१ एप्रिल ही तारीख मात्र आम्हाला पटत नाही. सीएंच्या दृष्टीने ती सोयीची आहे, पण त्याच सुमाराला यार्डात राजापुरी हळदीची आवक आणि नव्या बेदाण्याचे सौदे दोन्ही अंगावर येतात. दिवाणजींनी तेव्हा शेतकऱ्याची पट्टी करायची की नवी स्क्रीन शिकायची? त्यापेक्षा दिवाळी गाठा. बेदाण्याच्या पेढ्या दिवाळीआधी येणी-देणी मिटवून शून्य पेमेंट करतात आणि सौदे काही आठवडे बंद असतात. खात्यांवर शिल्लक सर्वांत कमी असते ती तेव्हाच, म्हणजे नव्यात चढवायचे आकडेही सर्वांत कमी. हळदीचीही तेव्हा गर्दी नसते.

वर्षाच्या मध्ये बदल केला तर कायद्याने काही अडत नाही. बिलाचे नंबर तेवढे सांभाळा. जीएसटीच्या बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि १६ अक्षरांच्या आत हवा. नव्या सॉफ्टवेअरने पुन्हा एकपासून सुरुवात केली आणि तुमच्यावर ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू असेल (उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की लागू), तर पोर्टल दुसरं बिल डुप्लिकेट म्हणून परत पाठवतं. नव्या बिलांना वेगळी अक्षरं लावून वेगळी मालिका सुरू करा. वार्षिक रिटर्नला दोन्हीकडची बेरीज करावी लागेल. सीएंना ते आजच सांगून ठेवा.

आता डेटा. पंचवीस वर्षांचा सगळा आणू नका. विकणारा ‘सगळं कन्व्हर्ट करून देतो’ म्हणतो, त्याचे पैसेही घेतो, आणि २००३ सालच्या पट्ट्या पुढे कोणी उघडूनही बघत नाही. आणायच्या गोष्टी चारच: शेतकरी-खरेदीदारांची यादी, बदलाच्या दिवसाची शिल्लक, न मिटलेली बिलं आणि गोदामातला व कोल्ड स्टोअरेजमधला माल. न मिटलेली बिलं एकेक करून, मूळ तारखेसह चढवा. ‘अमुक पार्टी, येणे ४ लाख’ अशी एकच रक्कम टाकली की बिलाचं वय हरवतं आणि व्याज चुकीच्या दिवसापासून धावायला लागतं. माल लॉटवार घ्या; बेदाण्याला कोल्ड स्टोअरेजच्या पावतीचा नंबर आणि बॉक्सची संख्या, दोन्ही हवं. जुना प्रोग्राम एका जुन्या मशीनवर फक्त बघण्यासाठी राहू द्या. जीएसटीच्या नियमाने त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावे लागतात, कंपनी असेल तर आठ वर्षं.

फॉक्सप्रोचा डेटा ज्यात असतो त्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये थेट उघडतात. पण मूळ फोल्डरला हात न लावता त्याच्या कॉपीवर काम करा. इथे दोन सापळे आहेत. फॉक्सप्रोत एखादी नोंद ‘डिलीट’ केली की ती जात नाही, तिच्यावर फक्त खूण पडते. ‘पॅक’ चालवल्यावरच ती खरी पुसली जाते. कन्व्हर्ट करणाऱ्याने ती खूण तपासली नाही तर रद्द केलेल्या पट्ट्या जिवंत होतात आणि ताळा जुळत नाही. ताळ्यात फरक आला की पहिला संशय इथेच घ्यावा. दुसरा सापळा मराठी नावांचा. तेव्हाची मराठी युनिकोडमध्ये नसते. कुठे इस्की या जुन्या संकेतप्रणालीत, कुठे नुसत्या फॉन्टच्या जोरावर, त्यामुळे एक्सेलमध्ये ती अगम्य चिन्हांसारखी दिसते. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. चालू खाती पाच-सहाशे असतील तर नावं सरळ नव्याने टाइप करावीत आणि गाव व मोबाइल नंबर त्याच वेळी तपासून घ्यावेत. एकाच शेतकऱ्याची दोन-तीन खाती निघतातच, तीही तेव्हाच जोडली जातात.

याहून मोठं काम कागदावरचं आहे आणि ते कोणीच करत नाही: जुना प्रोग्राम गुपचूप काय करतो ते लिहून काढणं. समजा, २३ पोत्यांचं वजन १,१९६.५ किलो. बारदानाचा कडता (वजनातली वजावट) पोत्याला ८०० ग्रॅम धरला तर १८.४ किलो वजा जाऊन निव्वळ १,१७८.१ किलो. क्विंटलला १४,८५० दराने १,७४,९४७ रुपये ८५ पैसे होतात. जुना प्रोग्राम वजन अर्ध्या किलोला खाली ओढत असेल तर तेच १,१७८ किलो धरलं जातं आणि रक्कम १,७४,९३३. फरक १४ रुपये ८५ पैसे. रक्कम क्षुल्लक, पण शेतकरी जुन्या पट्टीशी ताडून बघतो आणि पेढीवर येऊन बसतो. वजन कुठे राउंड होतं, हमाली-तोलाई पोत्यावर की क्विंटलवर, सेस कोणत्या रकमेवर, उचल आधी वळती होते की व्याज, हे सगळं दिवाणजींना विचारून लिहा. मग जुन्या पन्नासेक पट्ट्या काढा, त्यातही अवघड बघून: एका शेतकऱ्याचा माल दोन खरेदीदारांत गेलेला, सौद्यानंतर दर तुटलेला, माल परत आलेला, चेक न वटलेला. त्याच पट्ट्या विकणाऱ्याला तुमच्यासमोर करायला लावा. त्याच्या तयार डेमोत असली भानगड कधीच नसते.

करार करताना दोन गोष्टी लेखी घ्या. सगळा डेटा एक्सेलमध्ये, त्याला न विचारता, कधीही काढता आला पाहिजे. आणि किमान पाचवा हिस्सा रक्कम पहिलं जीएसटी रिटर्न नव्या आकड्यांवर भरून होईपर्यंत हातात ठेवा.

प्रश्न : नव्या सॉफ्टवेअरमधून डॉट मॅट्रिक्सवर पट्टी निघायला फार वेळ लागतो. प्रिंटर बदलावा का?
— तासगाव

उत्तर : दोष प्रिंटरचा नाही. जुना प्रोग्राम अक्षरं थेट पाठवायचा, नवा पूर्ण पानाचं चित्र करून पाठवतो. पट्टी इंग्रजीत असेल तर ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर लावून बघा, वेग लगेच परत येईल. मराठी पट्टीला ही युक्ती चालत नाही. मग कार्बन कॉपीचा हट्ट सोडून ए-५ कागदावर लेझरने दोन प्रती काढणं सोयीचं.

प्रश्न : वजनकाट्याचा आकडा कधी येतो, कधी येत नाही.
— मिरज

उत्तर : यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर वापरत असाल. तो वेगळ्या भोकात लावला की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देते आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरावर वाट बघत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर पक्का करा आणि ते भोक टेप लावून राखून ठेवा. नंबर बरोबर असूनही आकड्यांऐवजी कचरा येत असेल तर काट्याचा आणि सॉफ्टवेअरचा बॉड रेट (आकडे पाठवण्याचा वेग) जुळत नाही.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. जुन्या नोंदीत दुरुस्ती करायची सोय नव्यात नाही, असं विकणारा म्हणतो. खरं का?
— सांगली

उत्तर : दुरुस्ती करता येते, लपवता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. भागीदारी किंवा एकट्या मालकीच्या पेढीला कंपनी कायद्याचा हा नियम नाही. कंपनीला हिशोबाचा बॅकअपही रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. गणपती पेठेत ऑफिस असेल तर कायदा नसता तरी तो ठेवावाच लागला असता: २००५, २०१९, २०२१ या तिन्ही सालचे पूर आठवा. सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवा, आणि एक हार्ड डिस्क पाणी न येणाऱ्या भागातल्या घरी दर शनिवारी बदलून ठेवा. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसती ‘बॅकअप यशस्वी’ ही पाटी बघून थांबू नका.