विषारी साप चावला की दोन दातांची खूण दिसतेच का? वाघाचे सुळे आणि सापाचे विषदंत यांत फरक काय?

दिसतेच असं अजिबात नाही.

वाघाचे सुळे पकडून ठेवण्यासाठी. गळा धरला की भक्ष्याचा श्वास थांबेपर्यंत तो सोडत नाही. रानडुकराचे सुळे मारामारीसाठी. हत्तीचे सुळे हे मुळात सुळेच नाहीत, ते वरचे पटाशीचे दात. सापाचा विषदंत मात्र इंजेक्शनच्या सुईसारखा पोकळ. घोणशीचे लांब, तोंड मिटलं की टाळूला दुमडून बसणारे. नागाचे आखूड, न दुमडणारे. मण्यारीचे तर फारच बारीक.

मण्यारीबद्दल मला लिहायचंच आहे. आमच्या धाकट्या काकांना ती पावसाळ्यात, जमिनीवर अंथरुणात झोपलेले असताना चावली. पहाटे पोटात कळ येऊन उठले. सूज नाही, रक्त नाही, खूण नाही. घरच्यांनी पित्त ठरवून ओव्याचं पाणी दिलं. थोड्या वेळाने घोट गिळवेना, पापण्या आपोआप मिटायला लागल्या. शेजारी म्हणाले, साप असेल. थोरल्या काकांनी मांत्रिकाला बोलावणं धाडलं, वर म्हणाले, "दात लागले असते तर दिसले नसते का?" आईने कोणाचं ऐकलं नाही. शेजाऱ्यांची जीप काढायला लावली आणि तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पापण्या बघूनच मण्यार ओळखली. सापाची लस सुरू केली, श्वास अडखळल्यावर नळी घालून व्हेंटिलेटर लावला. काका वाचले. मांत्रिकाचा अंगारा मागाहून आला, आणि थोरले काका आजही श्रेय त्यालाच देतात.

मण्यारीचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तिथे यंत्रच लागतं. म्हणून खुणा शोधत बसू नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, साप मारून नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. (चापडा या आणखी एका विषारी सापावर ती बेतलेली नाही, हेही सांगायला हवं.)

आणि हो, दोन टोचे दिसले म्हणजे विष भिनलंच असंही नाही. नाग-घोणस कधीकधी चावूनही विष सोडत नाहीत. दिवड, धामण तर बिनविषारीच. अशी माणसं काहीही न करता बरी होतात. अंगारा लागू पडल्याची बाकी जी उदाहरणं थोरले काका देतात, ती सगळी यातलीच.