उच्चार चुकला तर?

परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचं म्हणणाऱ्या गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या मुलांकडून एकच काळजी सतत ऐकते: चौथीपर्यंत मराठी शाळा, मग इंग्रजी, आमचं इंग्रजी परदेशात चालेल का? अशाच एका एम.ए. झालेल्या मुलीशी झालेल्या समुपदेशनाच्या अनेक बैठकांतलं, ओळख बदलून, मोजकं सांगते.

"मॅडम, व्हिएतनामच्या शाळेची मुलाखत मी टाळली. उच्चार चुकला तर?"

"चुकला तर काय होईल?"

"मी मराठी शाळेतली हे कळेल."

"कळलं. पुढे?"

ती गप्प. पुढचा विचार झालाच नव्हता. ‘चुकताच कामा नये’ हा हट्टच माणसाला घाबरवतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी दाखवलेली ही गाठ मला बहुतेकांत सापडते.

"पाचवीत सगळे विषय इंग्रजीतून आले, तेव्हा काय केलंस?"

"जोर कुठे द्यायचा तेच कळेना. फोटोग्राफमध्ये तो सुरुवातीला, फोटोग्राफरमध्ये 'टॉ'वर. मग वहीत जोराच्या अक्षराखाली रेघ मारायचे. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठ गोल, हे आरशात बघून बसवलं."

बोलताना तिचे हात फळ्यापाशी असल्यासारखे चालू लागले. "हेच तर तू तिथे शिकवणार आहेस," मी म्हटलं. ती कितीतरी वेळ हसत राहिली. शिकणारा कुठे अडतो हे तिला स्वानुभवाने ठाऊक होतं, आणि नेमकं तेच ती लपवत होती. पुढच्या मुलाखतीत वहीतली रेघ तिने आपणहून सांगितली.

बाकी भीती नियम वाचून कमी होते. दक्षिण कोरियाचा ई-2, म्हणजे भाषा शिकवायचा व्हिसा मुख्यतः 7 इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. गोव्यात अनेकांकडे असतो त्या पोर्तुगीज पासपोर्टचा तिथे उपयोग नाही, कारण यादीत पोर्तुगाल नाही. थायलंडमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या आपल्यासारख्यांकडून सहसा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे 990 पैकी 600 गुण मागतात. व्हिएतनामला पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय तपासणी लागते. प्रमाणपत्रासाठी कोर्स 120 तासांचा घ्या, पण त्यात खरा वर्ग शिकवायला मिळतो का ते आधी विचारा. सेल्टा या केंब्रिजच्या अध्यापन कोर्समध्ये असे 6 तास तपासले जातात. नुसत्या ऑनलाइन कोर्सनंतर पहिल्या वर्गात पाय लटपटतात, ते याच्याअभावी. पदवीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचं सरकारी साक्षांकन, आधी सुरू करा, त्याला वेळ लागतो. पोलीस क्लिअरन्स मात्र शेवटी काढा, ते लवकर जुनं होतं. आणि "टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिटचं नंतर बघू" म्हणणाऱ्या शाळेला सरळ नकार द्या. परमिटशिवाय शिकवताना पकडलं गेलं तर दंड आणि परतपाठवणी शिक्षकाच्या वाट्याला येते.