रेणूचा आकार: आधी ठिपके मोज

आकारांचं कोष्टक आत्ताच पाठ करू नकोस. मीही तिथेच फसलो होतो. आधी इलेक्ट्रॉन-ठिपका रचना काढ, म्हणजे अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी आकृती. मग फक्त मधल्या अणूभोवती किती गट (बंध किंवा बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) आहेत ते मोज; हे गट एकमेकांपासून शक्य तितके लांब जातात. दुहेरी बंध एकच गट धरायचा, म्हणून कार्बन डायऑक्साइडमध्ये दोनच गट: रेणू सरळ रेषेत, १८० अंश.

नवखे हमखास विसरतात ते लोन पेअर, म्हणजे त्या बंधात नसलेल्या जोड्या. पाण्यात ऑक्सिजनभोवती चार गट, त्यातले दोन लोन पेअर. ते जास्त जागा अडवतात, बंधांना जवळ ढकलतात, १०९.५ अंशांचा कोन १०४.५ वर येतो. नाव मात्र अणू बघून द्यायचं: पाणी 'वाकलेलं', चतुष्फलकीय (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराचं) नव्हे.

आणि कागदावर काटकोन दिसतात म्हणून मिथेन सपाट समजू नकोस. चार फुगे तोंडाशी एकत्र बांध, कसे पसरतात बघ; मिथेनचे चार बंध तसेच. हायब्रिडायझेशन (अणूतल्या इलेक्ट्रॉन-कक्षकांचं मिसळणं) नंतर.