होम्स आणि प्वारो वाचून संपले. आता कोणती रहस्य-साहस मालिका धरू?

तुम्ही लिहिलंय की होम्स आणि प्वारो संपवल्यापासून चार-पाच नव्या मालिका हाती घेतल्या आणि सगळ्या ५० पानांच्या आत सोडल्या. माझंही वर्षभर असंच चाललं होतं. मी 'होम्ससारखं' काहीतरी शोधत होते आणि दर वेळी नवा हुशार गुप्तहेर उचलत होते. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की मला धरून ठेवलं होतं ते होम्स-वॉटसनच्या सोबतीनं. तेव्हा आधी आठवून बघा, त्या पुस्तकांतलं काय अजून मनात रेंगाळतंय? ती जोडी, तपास, की तो परिसर?

जोडी असेल, तर पॅट्रिक ओब्रायन यांची ऑब्री-मॅच्युरिन मालिका घ्या. नेपोलियनच्या काळातलं ब्रिटिश आरमार, आणि १९६९ ते १९९९ दरम्यान आलेल्या २० कादंबऱ्या. मॅच्युरिन जहाजावरचा डॉक्टर आहे आणि हेरही, त्यामुळे साहसाच्या जोडीला डावपेच भरपूर. पहिल्या पुस्तकाची सुरुवात मला अजून पाठ आहे. मिनोर्का बेटावर मैफल चालू आहे, आरमारातला अधिकारी ऑब्री गुंग होऊन ताल धरतोय, तोही किंचित पुढे पळणारा. शेजारी बसलेला मॅच्युरिन वैतागून त्याला कोपरानं ढोसतो. आता द्वंद्वच होणार असं वाटतं, पण त्याच रात्री ऑब्रीला जहाज मिळाल्याचं पत्र येतं आणि दुसऱ्या दिवशी तो आनंदाच्या भरात माफी मागून मोकळा होतो. पुढचं सगळं या दोघांच्या दोस्तीवर उभं आहे. शिडं, दोरखंड, डोलकाठ्या यांची नावं कळली नाहीत तर अडू नका. मॅच्युरिनलाही ती कळत नाहीत. ही मालिका क्रमानंच वाचा, मधूनच उचलली तर दोस्ती कशी मुरत गेली ते हातचं जाईल.

तपास आवडत असेल, तर स्वीडनची मार्टिन बेक मालिका. माय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्यानं दहाच पुस्तकं लिहायची असं ठरवलं आणि १९६५ ते १९७५ मध्ये ती पुरी केली. पहिल्या पुस्तकात कालव्यातला गाळ काढताना एका तरुणीचं प्रेत वर येतं. ती कोण हे कळायलाच बराच काळ जातो. ती एका सहलीच्या बोटीवर होती हे कळल्यावर पोलीस त्या बोटीवरच्या इतर प्रवाशांकडून फोटो मागवतात आणि अनोळखी लोकांच्या त्या फोटोंच्या ढिगात तिला शोधत बसतात. गोळीबार नाही, पाठलाग नाही, तरी तिथे पुस्तक मिटवत नाही.

परिसर हवा असेल, तर टोनी हिलरमन. अमेरिकेतल्या नॅव्हाहो लोकांचा मुलूख, तिथले आदिवासी पोलीस, मैलोन् मैल ओसाड जमीन आणि वाळूतल्या पावलांवरून माग काढणं. गुन्हा आणि साहस दोन्ही हवं म्हणता, ते इथे एकाच ठिकाणी मिळेल. पहिली तीन पुस्तकं जो लीपहॉर्न या पोलीस अधिकाऱ्याची, पुढची तीन जिम ची या दुसऱ्या पोलिसाची, आणि १९८६च्या सातव्यात दोघं एकत्र येतात. मला विचाराल तर चौथ्यापासून सुरू केलंत तरी चालेल.

क्रमाची भानगडच नको असेल, तर जॉर्ज सिमनॉं यांचा पॅरिसचा पोलीस अधिकारी मेग्रे. त्याच्या ७५ कादंबऱ्या आहेत, बहुतेक बारीक. कुठूनही उचला.

पुढच्या शोधासाठी एडगर (अमेरिकेतला) आणि डॅगर (ब्रिटनमधला) या रहस्यकथांच्या पुरस्कारांच्या जुन्या याद्या चाळत जा. मला बरीच नावं तिथेच सापडली. एवढंच, की बक्षीस मिळालेलं पुस्तक मालिकेतलं पहिलं असेलच असं नाही. बेक मालिकेला एडगर मिळालं ते चौथ्या पुस्तकासाठी. नाव यादीतून घ्या, सुरुवात कुठून करायची ते वेगळं बघा. आणि अख्खा संच कधीच एकदम घेऊ नका, दोन पुस्तकं आवडली की मगच पुढे जा.

तुम्ही सोडून दिलेल्या त्या चार-पाच मालिका कोणत्या, ते खाली लिहाल का? काय आवडलं नाही हे कळलं, तर मला अजून नेमकं सुचवता येईल.